पॉल एर्लिख: सीबीसी रिपोर्टमधल्या इओसिनोफिलला नाव देणारा माणूस, आणि तोच आकडा आज दम्याच्या अटॅकचा धोका कसा सांगतो

सीबीसी करून घेतली की संध्याकाळपर्यंत लॅबचा पीडीएफ व्हॉट्सॲपवर येऊन पडतो. आपण काय करतो? हिमोग्लोबिन बघतो, प्लेटलेट बघतो, कुठे काही ठळक अक्षरात छापलंय का बघतो आणि फाइल बंद करतो. त्याच पानावर पांढऱ्या पेशींच्या यादीत एक नाव असतं: इओसिनोफिल. समोर कधी ३ टक्के, कधी ५, कधी ९. बहुतेक जण ती ओळ वाचतही नाहीत.

पण घरात कुणाला दमा असेल तर ही ओळ जरूर वाचा. आज श्वास अगदी मोकळा असला तरी पुढच्या काही महिन्यांत दम्याचा मोठा अटॅक येण्याचा धोका किती आहे, याचा अंदाज या आकड्यावरून बांधता येतो. आणि या पेशीला हे नाव दिलं ते पॉल एर्लिख नावाच्या एका जर्मन डॉक्टरने, १८७९ साली, वयाची पंचविशी गाठायच्या आत. ही पेशी शरीरात नेमकं काय करते हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त ती दिसेल अशी केली, मोजता येईल अशी केली. पुढची सगळी गोष्ट तिथून सुरू होते.

रंगांचं वेड लागलेला मुलगा

पॉल एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी प्रशियातल्या श्ट्रेलेन या छोट्या गावात एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वडिलांची खाणावळ आणि मद्य गाळण्याचा धंदा होता. घरात डॉक्टर कोणी नव्हता, पण आईच्या माहेरकडचा एक भाऊ होता, कार्ल वायगर्ट. तो पुढे नावाजलेला पॅथॉलॉजिस्ट झाला. शरीराच्या ऊतींचे पातळ काप करून त्यांना कृत्रिम रंग लावायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं, हे त्याचं काम. पॉलला रंगांची गोडी लागली ती इथूनच.

तो काळही रंगांचाच होता बरं का! कोळशाच्या डांबरापासून कापडासाठी नवनवे रंग बनवण्याचा उद्योग जर्मनीत जोरात होता. आज जसं दर महिन्याला नवीन ॲप येतं, तसे तेव्हा कारखान्यांतून नवे रंग बाहेर पडत होते. ते बनत होते कापडासाठी. पॉलने ते पेशींवर टाकून बघितले.

शाळेत तो फार चमकला असं नाही. शेवटच्या परीक्षेत आयुष्य हे एक स्वप्न आहे अशा अर्थाचा निबंधाचा विषय होता. पॉलने तिथेही रसायनशास्त्र आणलं आणि स्वप्न म्हणजे मेंदूत चाललेली रासायनिक क्रिया असं लिहिलं, अशी गोष्ट सांगतात. मास्तर काही खूश झाले नाहीत. मेडिकल कॉलेजातही तेच. ब्रेस्लाऊ, स्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग, लाइपझिग अशी विद्यापीठं त्याने पालथी घातली, पण पाठ्यपुस्तकापेक्षा रंगांच्या बाटल्यांकडेच लक्ष. हा मुलगा रंगवण्यात हुशार आहे, पण परीक्षा काही पास होणार नाही, असं त्याच्याबद्दल बोललं जायचं म्हणे.

तो पास झाला. १८७८ मध्ये लाइपझिगला डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय अर्थातच ऊतींना रंग कसे द्यायचे हा. त्या प्रबंधात त्याने मास्ट सेल नावाच्या एका पेशीचं वर्णन केलं. हे नाव लक्षात ठेवा. ॲलर्जीत हिस्टामिन सोडणारी ती हीच पेशी, आणि दम्यात तिचाही मोठा हात असतो.

रक्ताच्या थेंबातली उषा

त्याच वर्षी एर्लिख बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमध्ये रुजू झाले. तिथले प्रमुख फ्रेरिख्स यांनी त्यांना संशोधनासाठी मोकळीक दिली. एर्लिख यांनी रक्ताचा थेंब काचेवर पातळ पसरवला, गरम तांब्याच्या पट्टीवर ठेवून वाळवला आणि त्यावर एकेक रंग टाकत गेले.

यात एक साधी युक्ती होती. काही रंग आम्लधर्मी असतात, काही आम्लारिधर्मी. पेशीतला प्रत्येक भाग आपल्या स्वभावाला जुळणारा रंगच धरून ठेवतो. म्हणजे रंग कुठे चिकटला यावरून तिथलं रसायन कसं आहे हे कळतं. तोपर्यंत पांढऱ्या पेशी म्हणजे साधारण सारख्या दिसणाऱ्या फिकट गोळ्या. दाणेदार पेशी आधीही काहींना दिसल्या होत्या, पण त्यांचे प्रकार खात्रीने वेगळे ओळखण्याचा मार्ग नव्हता.

एर्लिख यांनी इओसिन नावाचा आम्लधर्मी रंग टाकला, आणि काही मोजक्या पेशींमधले दाणे लाल-केशरी होऊन झळकले. बाकीच्या पेशींत तसं काही झालं नाही. इओसिन हे नाव ग्रीक पहाटदेवी इओस हिच्यावरून आलंय. गंमत म्हणजे भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही इओस आणि आपली उषा एकाच मुळातून आलेल्या. तर इओसिनोफिल म्हणजे इओसिनची आवड असलेली पेशी. १८७९ मध्ये एर्लिख यांनी हे नाव छापलं आणि ते आजही तुमच्या पीडीएफमध्ये आहे.

आज आपल्याला माहीत आहे की या दाण्यांमध्ये आम्लारिधर्मी प्रथिनं ठासून भरलेली असतात, म्हणून इओसिन तिथे चिकटतो. हीच प्रथिनं जंतांसारख्या परजीवींवर हल्ला करायला उपयोगी पडतात. पण श्वासनलिकेत ती सांडली तर आतलं अस्तर दुखावतं, सूज येते, चिकट कफ साठतो. म्हणजे एर्लिख यांनी रंगवलेले ते सुंदर दाणे दम्यात घात करतात.

स्वतःचाच रिपोर्ट

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. एर्लिख त्या सभेत हजर होते. हा जंतू दिसायला कठीण होता, कारण त्यावर रंग सहज चढत नव्हता. एर्लिख लगेच कामाला लागले. एकदा चढलेला रंग आम्लाने धुतला तरी या जंतूवरून जात नाही, हे त्यांनी दाखवलं आणि थुंकीतला जंतू ओळखण्याची सोपी पद्धत तयार केली. पुढे त्सील आणि नीलसन यांनी त्यात सुधारणा केल्या. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात टीबीसाठी बेडक्याची मायक्रोस्कोपखाली तपासणी होते, ती याच घराण्यातली.

१८८३ मध्ये त्यांचं हेडविग पिंकुस यांच्याशी लग्न झालं, दोन मुली झाल्या. पण १८८५ मध्ये फ्रेरिख्स गेले आणि हॉस्पिटलमधली मोकळीकही गेली. मग खोकला सुरू झाला. एर्लिख यांनी स्वतःची थुंकी स्वतःच्याच पद्धतीने रंगवून बघितली. काचेवर क्षयाचे जंतू होते.

क्षणभर विचार करा. तेव्हा टीबीवर औषध नव्हतं. तिशीतला माणूस, घरी बायको आणि लहान मुली, आणि समोर स्वतःच तयार केलेल्या तपासणीचा पॉझिटिव्ह निकाल. त्यांनी तो निकाल गंभीरपणे घेतला. नोकरी सोडली, १८८८ मध्ये कुटुंबासह इजिप्तच्या कोरड्या हवेत गेले आणि बरे होऊन परतले. लवकर कळलं म्हणून वेळेवर पाऊल उचलता आलं. आपल्या या गोष्टीचा मुद्दाही तोच आहे.

अंदाज नको, आकडा हवा

परतल्यावर हातात नोकरी नव्हती. काही काळ त्यांनी छोट्याशा खासगी प्रयोगशाळेत काम केलं. मग कॉख यांनी त्यांना आपल्या नव्या संस्थेत बोलावलं.

तेव्हा घटसर्प हा आजार लहान मुलांचे जीव घेत होता. एमिल फॉन बेरिंग यांनी त्यावर सीरम शोधलं होतं, पण एक मोठी अडचण होती. एका बाटलीतलं सीरम जोरदार, तर दुसऱ्या बाटलीतलं पाणीदार. किती द्यायचं, कसं ठरवणार? एर्लिख यांनी एक प्रमाण सीरम कोरडं करून जपून ठेवलं आणि बाकी सगळ्यांची ताकद त्याच्याशी ताडून युनिटमध्ये मोजायची पद्धत १८९७ मध्ये मांडली. यामुळे डॉक्टरांना डोस आकड्यात सांगता येऊ लागला. बेरिंग यांना १९०१ मध्ये पहिलं वैद्यकीय नोबेल मिळालं. एर्लिख यांना १९०८ मध्ये, इल्या मेचनिकॉव्ह यांच्यासोबत, प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी.

१८९९ पासून ते फ्रँकफुर्टला होते. तिथलं त्यांचं रूप मजेशीर होतं. हातात सतत सिगार, खोलीत पुस्तकांचे आणि कागदांचे ढीग, आणि रोज सहकाऱ्यांसाठी रंगीत कार्डांवर लिहिलेल्या सूचना. आजच्या टू-डू ॲपसारखंच म्हणा ना! झोपण्याआधी वाचायला डिटेक्टिव्ह कथा, त्यातही शेरलॉक होम्स फार आवडता.

त्यांच्या डोक्यात एक कल्पना घर करून होती. रंग जर नेमका एकाच प्रकारच्या पेशीला चिकटतो, तर औषधही नेमकं रोगाच्या जंतूलाच का चिकटू नये? बाकी शरीराला धक्का न लावता थेट निशाण्यावर लागणारी बंदुकीची जादुई गोळी. या शोधात त्यांनी आर्सेनिकची शेकडो संयुगं तपासली. १९०९ मध्ये त्यांचे जपानी सहकारी साहाचिरो हाता यांच्या प्रयोगांत ६०६ क्रमांकाचं संयुग सिफिलिसवर लागू पडलं. १९१० मध्ये ते साल्वरसान नावाने बाजारात आलं.

यश मिळालं, पण सुखाने नाही. हे औषध शिरेतून द्यायचं, तेही नीट विरघळवून. चूक झाली की रुग्णाला त्रास. टीकाकार तुटून पडले, आरोप झाले, आणि १९१४ मध्ये फ्रँकफुर्टच्या कोर्टात त्यांना साक्ष द्यायला उभं राहावं लागलं. तब्येत ढासळत गेली. २० ऑगस्ट १९१५ रोजी, वयाच्या ६१व्या वर्षी, बाड होम्बुर्ग इथे त्यांचं निधन झालं. पुढे नाझी राजवटीत फ्रँकफुर्टमधल्या रस्त्यावरून त्यांचं नाव पुसलं गेलं, कारण ते ज्यू होते. युद्धानंतर नाव परत आलं, आणि युरो येण्याआधी जर्मनीच्या २०० मार्कांच्या नोटेवर त्यांचं चित्र होतं.

मग त्या पेशीचं पुढे काय झालं?

एर्लिख हयात असतानाच दम्याच्या रुग्णांच्या कफात इओसिनोफिल सापडू लागले होते. दमा आणि ही पेशी यांचं काहीतरी नातं आहे, हे डॉक्टरांना कळत होतं. पण हे नातं उपचारासाठी वापरायचं कसं, हे ठरायला फार वर्षं गेली.

२००२ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डॉक्टरांनी ७४ रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या रुग्णांचे उपचार नेहमीप्रमाणे लक्षणं बघून ठरवले. उरलेल्या अर्ध्यांचे उपचार कफातल्या इओसिनोफिलच्या प्रमाणावरून. वर्षभरात पहिल्या गटात १०९ तीव्र अटॅक आले, दुसऱ्या गटात ३५. म्हणजे रुग्णाला कसं वाटतंय आणि आत किती सूज आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बरं वाटत असतानाही आत आग धुमसत असू शकते.

कफाची ही तपासणी किचकट असते, सगळीकडे होत नाही. रक्ताची तपासणी मात्र गल्लीतल्या लॅबमध्ये होते. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या १ लाख ३० हजारांहून जास्त दमा रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. रक्तात दर मायक्रोलिटरमागे ४०० पेक्षा जास्त इओसिनोफिल असलेल्यांना पुढच्या वर्षात तीव्र अटॅक सुमारे ४० टक्के जास्त आले.

आता औषधाची गोष्ट बघा. आयएल-५ नावाचा एक निरोप्या रेणू असतो. जास्त इओसिनोफिल तयार करा, हा संदेश तो अस्थिमज्जेला देतो. मेपोलिझुमॅब नावाचं इंजेक्शन फक्त या रेणूला पकडतं, बाकी कशाला हात लावत नाही. एर्लिख यांच्या जादुई गोळीचीच कल्पना! पण २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या औषधाचा फारसा उपयोग दिसला नाही. का? कारण इओसिनोफिल न बघता दम्याच्या रुग्णांना ते दिलं होतं. २००९ मध्ये इओसिनोफिल जास्त असलेलेच रुग्ण निवडून दिलं, तेव्हा अटॅक स्पष्टपणे कमी झाले. २०१४ च्या चाचणीत रक्तातला आकडा बघून रुग्ण निवडले आणि अटॅक साधारण निम्म्यावर आले. नोव्हेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली, एर्लिख यांच्या मृत्यूनंतर १०० वर्षांनी.

औषध तेच, दमाही तोच. फरक पडला तो कोणाला द्यायचं हे आकड्यावरून ठरवल्यामुळे.

तुमच्या रिपोर्टमधला आकडा कसा वाचायचा?

नुसते टक्के बघू नका. गणित सोपं आहे: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले इओसिनोफिलचे टक्के. टीएलसी ८,००० आणि इओसिनोफिल ५ टक्के असतील तर आकडा ४००. टीएलसी ५,००० असेल तर त्याच ५ टक्क्यांचे २५०. काही लॅब हा आकडा एईसी या नावाने थेट छापतात. मायक्रोलिटर लिहिलंय की घनमिलीमीटर, याने गोंधळू नका, दोन्ही एकच.

पण थांबा, घाई करू नका. हा आकडा एकट्याने काहीच सिद्ध करत नाही. या गोष्टी लक्षात ठेवा:

- दमा नसतानाही तो वाढतो. पोटात जंत, ॲलर्जी, त्वचेचे आजार, काही औषधं, हत्तीरोगाच्या जंतूंचा संसर्ग, अशी बरीच कारणं आहेत. आपल्याकडे जंतांची शंका आधी दूर करावी लागते.
- स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या की तो झपाट्याने खाली येतो. गोळ्या चालू असताना काढलेला नॉर्मल रिपोर्ट फसवा असू शकतो. कोणती औषधं चालू आहेत हे डॉक्टरांना सांगा.
- दिवसभरात तो बदलतो. सकाळी कमी, रात्री जास्त. एका रिपोर्टपेक्षा दोन-तीन जुने रिपोर्ट शेजारी ठेवलेले चांगले.
- आकडा कमी असला म्हणजे अटॅक येणारच नाही, असं नाही. प्रत्येक दमा इओसिनोफिलचा नसतो. विषाणूचा संसर्ग, धूर, धूळ यांनीही अटॅक येतो.
- सोबत इतर माहिती लागते. मागच्या वर्षी किती अटॅक आले हा सगळ्यात मोठा इशारा. फेनो नावाच्या तपासणीत श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजतात. रक्तातला आकडा आणि फेनो दोन्ही जास्त असतील तर धोका आणखी वाढतो.

यातली चांगली बातमीही ऐका. इओसिनोफिलवाल्या दम्यात इनहेलरमधलं स्टेरॉइड सहसा चांगलं काम करतं. म्हणजे आकडा जास्त आहे आणि बरं वाटतंय म्हणून रोजचा पंप बंद केलाय, अशी जोडी असेल तर तीच सगळ्यात धोक्याची. पंप पुन्हा सुरू करणं, तो ओढायची पद्धत नीट आहे का हे डॉक्टरांना दाखवणं, इथूनच सुरुवात होते. इंजेक्शनची वेळ फार थोड्यांवर येते. आणि बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल इतकी धाप लागली असेल, तर रिपोर्ट शोधत बसू नका, ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

आज लॅबमधली मशीन तुमच्या रक्तातल्या पेशी एकामागून एक प्रकाशाच्या झोतासमोरून नेऊन मोजते, मिनिटभरात हजारो. पण मशीनला शंका आली की पॅथॉलॉजिस्ट काचेवर रक्ताचा थेंब पसरवतात, त्यावर लिशमन स्टेन टाकतात आणि मायक्रोस्कोपला डोळा लावतात. त्या स्टेनमध्ये आजही इओसिन असतो.

तेव्हा पुढच्या वेळी लॅबचा पीडीएफ आला की हिमोग्लोबिन बघून फाइल बंद करू नका. अजून थोडं खाली स्क्रोल करा. घरात कुणाला दमा असेल तर त्यांचे जुने रिपोर्ट फोनमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा, तारीख टाकून, आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या.